चौथ्या मजल्याचा कौल

तिसऱ्या रविवारी आमच्या जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. लिफ्ट मुद्दाम बंद केलेली. तळापासून सातव्या मजल्यापर्यंत माणसं भिंतीला पाठ लावून उभी, शेजारच्या दोन सोसायट्यांतली धरून. प्रत्येकाचे हात जोडलेले आणि जोडलेल्या हातांच्या बेचक्यात मोबाइल, म्हणजे भक्तीही होते आणि शूटिंगही.

मधल्या चिंचोळ्या वाटेने धूपनाथ महाराज चढत होते. भगवी लुंगी, भगवा कुडता, गळ्यात सुपारीएवढ्या मण्यांची माळ आणि पायात पांढरेशुभ्र बूट. हातात धुपाटणं. त्यातून असा धूर निघत होता, की पहिल्या मजल्यावरची कमल खोकून खोकून भिंतीला टेकली आणि तरी म्हणाली, "किती पवित्र वास आहे!"

"बा देवा म्हाराजा!" महाराजांनी गाऱ्हाण्याची आरोळी ठोकली. "ह्या मजल्यार जर काय चुकला-माकला आसात, तर आवाज दी!"

"होय म्हाराजा!" सगळा जिना गरजला.

महाराजांनी धुपाटणं छताकडे उंच धरलं. एक, दोन, तीन... दहा. चिडीचूप.

"पयलो मजलो निर्दोष!"

दुसऱ्या मजल्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर मात्र महाराजांनी धुपाटणं वर केलं आणि पाच-सहा सेकंदांत भिंतीवरचा लाल भोंगा असा किंचाळला, की लोकांनी कानांत बोटं घातली. बायांनी कपाळं भिंतीला टेकली. महाराज डोळे मिटून तीनदा ओरडले, "शांत हो माते, शांत हो माते, शांत हो!" आणि काय सांगू, भोंगा शांत झाला. मग पाचवा, सहावा, सातवा. धूर तोच, धुपाटणं तेच, गाऱ्हाणं तेच. भोंगे गप्प.

सलग तिसरा रविवार. चौदा घरांची आमची इमारत आणि देवीचा कौल दर वेळी एकाच मजल्यावर.

आता आम्ही कोण ते सांगतो. जोगेश्वरी पूर्वेला आमची सोसायटी. आधी चाळ होती, आता सात मजले. निम्म्याहून जास्त घरं तळकोकणातली, बाप-आजे गिरणीत होते, मुलं कुरिअरपासून बँकेपर्यंत पसरली आहेत. पण गावचा एक गुण आमच्या हाडातून गेला नाही. भांडण मिटत नसलं, की कौल लावायचा. गावच्या देवळात गुरव मूर्तीला कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कोर्टाला वीस वर्षं लागतात तिथे कळीला वीस मिनिटं. महाराजांनी आम्हाला नेमकं ओळखलं होतं. कळीच्या जागी भोंगा बसवला, एवढंच.

आणि मी कोण? बाळा तोरसकर, वय बहात्तर. मी थापा मारतो हे आमच्या गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे. जोगेश्वरीच्या लेण्यांत एका बिबट्याबरोबर मी रात्रभर मेंढीकोट खेळलो आणि तो हुकूम लपवत होता म्हणून उठून आलो, ही गोष्ट माझीच. पण माझ्या थापांचा एक नियम आहे. ऐकणारा हसला पाहिजे. कुणाचं काही जाता कामा नये. हा नियम मी नकळत एकदा मोडला होता, आणि ते मला या तिसऱ्या रविवारी कळलं.

धुपाची फेरी संपली, की गर्दी खाली लॉबीत पेटीपाशी जमायची. पेटी म्हणजे आगीच्या अलार्मचं पॅनेल. पत्रपेट्यांच्या शेजारी भिंतीला लावलेला लोखंडी डबा, समोर काच, काचेआड मजल्यांचे दिवे. बिल्डरने नियमापुरता बसवला होता आणि वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता त्याला झेंडूचा हार, काचेच्या कडेला हळदकुंकवाची बोटं, खाली पाट, पाटावर नारळांची रास. काचेआड सहा पिवळे दिवे अखंड तेवत असायचे आणि धुपाच्या वेळी चौथ्या मजल्याच्या जागी एक लाल.

"पहा!" महाराज म्हणायचे. "सहा मजल्यांवर माता प्रसन्न, म्हणून हळदीचा उजेड. एका मजल्यावर कोपली, म्हणून रक्ताचा डोळा!"

पेटीतून मधूनमधून टिक असा बारीक आवाज यायचा. तो देवीचा श्वास.

पेटीपाशी यजमान म्हणून हात जोडून उभा असायचा आमचा सेक्रेटरी नंदकुमार. माझा नंदू. चाळीत आमच्या खोल्यांच्या मध्ये एक लाकडी फळी होती, तिच्या भोकातून आम्ही गोट्या खेळलो. महाराजांना आणलं त्यानेच. लिफ्ट दोनदा अडकली, पाण्याचा पंप जळला, तेव्हा म्हणाला, "बाळ्या, एकदा दाखवून तर घेऊ." मला वाटलं, घे बाबा, तेवढीच करमणूक.

चौथ्या मजल्यावर घरं दोन. एक नंदूचं: तो, त्याची बायको, मुलगा सिद्धेश, सून आणि दोन नातवंडं. दुसरं जानकीवहिनींचं. चाळीतल्या आमच्या मित्राची, दत्तारामची विधवा. एकटी बाई, मूलबाळ नाही. नंदूला सख्खी बहीण नाही, म्हणून चाळीस वर्षं भाऊबीजेला ओवाळते ती हीच. पहिल्या रविवारी भोंगा वाजला आणि लोकांनी चौथ्या मजल्याकडे बोट दाखवलं, तेव्हा नंदू स्वतःच पुढे झाला होता. "माझ्या मजल्यावर दोष आहे ना? मग आधी माझं घर तपासा." किती मोठं मन, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

तर त्या तिसऱ्या रविवारी महाराजांच्या अंगात आलं. मान गरगर फिरवून ते जानकीवहिनींसमोर थांबले.

"तुझ्या घरात दगड हा! लोणच्याच्या बरणीर ठेवलेलो दगड!"

वहिनी पांढऱ्या पडल्या. लोणच्याच्या बरणीवर दगड होता खरा. आमच्याकडे कुणाच्या बरणीवर नसतो?

"तो दगड मातेच्या देवराईतलो! तुझ्या घोवान चोरून आणलो! एसटीत बसलो तेव्हा घाटात गाडी चारदा बंद पडली, तरी त्याका अक्कल इली नाय! म्हणान तुझी कूस उजवली नाय! म्हणान तो अकाली गेलो! आता ह्या घर सोड, नाय तर सातय मजल्यांचा वाटोळा!"

"होय म्हाराजा," कुणीतरी सवयीने म्हणालं. मग सगळेच म्हणाले.

वहिनी मट्कन खाली बसल्या. शेजारणी दोन पावलं मागे सरकल्या. ज्या बाईने या इमारतीतल्या अर्ध्या बाळंतिणींना डिंकाचे लाडू करून घातले, तिच्यापासून दोन पावलं मागे. आणि नंदू डोळे पुसत पुढे आला. "जानकीताई, तू गावाला तुझ्या दिरांकडे जा. दोषाचं घर बाहेरच्याच्या माथी कशाला? मी घेतो माझ्या अंगावर. शांत करून घेईन हळूहळू. येत्या रविवारी कागद करू."

टाळ्या पडल्या. महाराजांनी नंदूच्या डोक्यावर हात ठेवला.

मी मात्र जागच्या जागी गोठलो होतो. कारण ती एसटी माझी होती. तो दगड माझा होता. घाटात चारदा बंद पडलेली गाडी मीच बंद पाडली होती.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी आणि नंदू पवईच्या तलावाकाठी शेंगा खात बसलो होतो. तो म्हणाला, "दत्तारामच्या घरचं लोणचं कधी नासत कसं नाही रे?" आता त्याचं खरं कारण, वहिनी तेल ओतताना हात आखडत नाहीत. पण खरं सांगणं माझ्या जिवावर येतं. मी म्हणालो, "कुणाला बोलू नकोस. बरणीवर गावच्या देवराईतला दगड आहे." आणि रंगवत गेलो. नंदू पोट धरून हसला. तिथे तिसरं कुणी नव्हतं. घरी आल्यावर दत्ताराम बिचारा प्रेमाने भेटला, म्हणून मला लाज वाटली आणि ती थाप मी पुन्हा कुणाला सांगितली नाही.

जे जगात कधी घडलंच नाही, ते महाराजांना अंतर्ज्ञानाने कळलं होतं. अगदी गाडी किती वेळा बंद पडली, त्या आकड्यासकट.

मला राग यायला हवा होता. मी स्वतःलाच समजावत राहिलो. नंदू बोलता बोलता कुणाला तरी बोलला असेल. महाराजांनी त्याच्याकडून काढून घेतलं असेल. नंदू असं करणार नाही. माझा नंदू.

दुपारी मी चौथ्या मजल्यावर गेलो. वहिनी कपाटातल्या साड्या काढून गाठोडं बांधत होत्या. बरणी उघडी पडली होती, दगड गॅलरीत एका फडक्यावर, त्यावर फूल.

"वहिनी, ती गोष्ट खोटी आहे. दगडाची. ती मी रचलेली थाप आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला माझ्या आयुष्याची लाज वाटली.

"बाळाभावजी, तुमी माका बरा वाटूचा म्हणान थापा मारतास. म्हायत आसा माका तुमचा सोभाव."

"अहो, खरंच सांगतोय."

"लेण्यातल्या बिबट्याचा पण असाच शपथ घेऊन सांगितल्यात." त्यांनी गाठोड्याची गाठ ओढली. "पस्तीस वर्षां ह्यांच्यावांगडा संसार केलंय. माका कधी बोलले नाय ह्या. कशाक लपवल्यानी माझ्यापासून?"

दत्तारामला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आता ही बाई त्याच्यावर रुसली होती. माझ्या थापेवरून. घर जाणार होतं ते जाणारच होतं, पण माणूसही मेल्यावर पुन्हा जात होता.

"आणि गावाला राहणार कुठे? गेल्या वेळी दिराने तुमची चूल अंगणात मांडायला लावली होती ना?"

"खंय जाऊचा मगे? हय रवलंय आणि कोणाच्या पोरांक काय झाला, तर?"

मी उतरलो. थापाड्याने एकदा खरं बोलायचं ठरवलं तर त्याला साक्षीदार लागतो, हे मला बहात्तराव्या वर्षी समजलं.

साक्षीदार बुधवारी आली. सहाव्या मजल्यावरची अबोली. मुलुंडला आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. परीक्षेच्या कामासाठी महिनाभर नाशिकला होती, त्यामुळे तिला या चमत्कारातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणालो, "आता एवढंच सांग, चौथा मजला का किंचाळतो?"

"काका, चौथ्याचं काय विचारता? धूर झाला, किंचाळला. त्याचं कामच ते. बाकीचे सहा गप्प का बसतात, ते विचारा ना!"

तीन रविवार, दोनशे माणसं, आणि हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. आम्ही सगळे आवाजाकडे बघत होतो.

ती मला खाली घेऊन गेली. पेटीसमोर उभी राहिली, नारळांच्या राशीकडे पाहून तिने डोक्याला हात लावला. मग रुमालाने काचेची कड पुसली. हळदकुंकू गेलं तशी दिव्यांच्या रांगेवरची छापील अक्षरं दिसायला लागली.

"तुमच्या भाषेत सांगते. प्रत्येक मजल्याला एकेक राखणदार दिलाय. नाक छताला, तोंड भिंतीवर. नाकाला धूर लागला की तोंड बोंबलणार. पण सगळी इमारत एका दावणीला बांधलेली नाही. सात मजले, सात वेगळे भाग. आणि प्रत्येक भाग झोपवायचं बटण इथे वेगळं."

"राखणदाराला झोपवायचं कशाला?"

"कुणाकडे टाइल्स कापत असले, की धूळ उडते, भोंगा उगाच वाजतो. मग तेवढाच मजला बंद ठेवायचा, बाकीची इमारत जागी. काम झालं की चालू. आणि बंद केलेला मजला विसरू नये म्हणून हा दिवा लागतो." तिने बोट ठेवलं. "पिवळा. वर टिकटिकही होते, आठवण म्हणून."

"म्हणजे देवीचा श्वास..."

"पेटी बोंबलून सांगतेय, की सहा मजले बंद आहेत, कुणीतरी चालू करा. आणि तुम्ही तिला नारळ वाढवताय."

मी हसलो. ती हसली नाही. "काका, अडीच आठवडे झाले. सहाही मजल्यांवर पोरं झोपतात. कुणाचा एसी पेटला असता, कुणाचा मोबाइल उशीखाली फुगला असता, तर कळलं असतं कुणाला?"

माझं हसू गेलं. "बटण दाबतं कोण?"

"ज्याच्याकडे पेटीची किल्ली असेल तो. एक सेक्रेटरीकडे असते. दुसरी, नियमाने, वॉचमनच्या केबिनमध्ये."

वॉचमनच्या केबिनमध्ये ती किल्ली खिळ्याला लटकत होती. तिला गंज चढला होता, म्हणजे कुणी वापरली नव्हती. उरली एकच. मी स्वतःला समजावणं तिथे थांबवलं.

तोवर रोज रात्री आम्ही त्या किल्लीने सहाही मजले गुपचूप जागे केले आणि नंदूला संशय नको म्हणून पहाटे पुन्हा झोपवले. चौथ्या रविवारी गर्दी दुप्पट. नंदू पेटीपाशी, त्याच्या बगलेत कागदांची फाइल. जानकीवहिनी गाठोडं घेऊन लॉबीच्या कोपऱ्यात, खुर्ची कुणी दिली नाही म्हणून पायरीवर. महाराजांनी धुपाटण्यावर धूप टाकला, तेवढ्यात अबोली पुढे झाली.

"महाराज, एक विनंती आहे. हे सहा पिवळे दिवे मी विझवते. मग तुम्ही फेरी काढा."

महाराजांची मान हलायची थांबली. "दिवे विझवायचे? मातेचे? अगं, भस्म होशील!"

"होईन. पेटी उघडते."

"स्त्रीचा हात पेटीला लागता कामा नये!"

"बरं. बाळाकाका, तुम्ही या."

लोक हसले. नंदू घाईघाईने म्हणाला, "किल्ली नाहीये. म्हणजे घरी राहिली, शोधावी लागेल. कशाला नसती भानगड, अबोली?"

मी खिशातून गंजकी किल्ली काढली. नंदूने किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेने मला सगळं सांगितलं. मी त्याला जन्मापासून ओळखतो.

पेटी उघडली. अबोली सांगत गेली, मी दाबत गेलो. पहिल्या मजल्याचा पिवळा गेला. दुसऱ्याचा. तिसऱ्याचा. "देवी रुसली गो!" कुणीतरी किंचाळलं. सातव्याचा दिवा गेला आणि टिकटिक थांबली.

"आता फिरवा धूप," अबोली म्हणाली.

"आज योग नाही," महाराज म्हणाले. "माता क्षुब्ध आहे."

"तुम्हाला योग नसेल तर मी फिरवते!" तिसऱ्या मजल्यावरची शेवंती पुढे सरसावली. गेले तीन रविवार आपला मजला निर्दोष निघाल्याचं ती भाजीवाल्यालाही सांगत होती. तिने महाराजांच्या हातातून धुपाटणं हिसकावलं आणि पदर खोचून जिना चढायला लागली. गर्दी तिच्या मागे.

पहिल्या मजल्यावर तिने धुपाटणं वर धरलं. भोंगा किंचाळला.

दुसऱ्यावर किंचाळला.

तिसऱ्यावर, तिच्या स्वतःच्या दारासमोर, तर सगळ्यात मोठ्याने किंचाळला.

"अगो बाय! माझ्या मजल्यावर? मी चतुर्थ्या करते, एकादश्या करते, कांदासुद्धा..." ती धुपाटण्यासकट जिन्यातच बसली. कुणीतरी ओरडलं, "म्हणजे अख्खी बिल्डिंगच पापी!" आणि या वेळी हशा असा फुटला, की भोंगा ऐकू येईना.

मी खाली पेटीपाशीच होतो. अबोलीच्या सांगण्यावरून मी खालचे तिन्ही भोंगे गप्प केले आणि आता एकट्या चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. एक पिवळा दिवा लागला. तिने वर हाक दिली, "शेवंतीताई, आता चौथ्यावर!"

शेवंतीने जानकीवहिनींच्या दारासमोर धुपाटणं हलवलं, ओवाळलं, छताला भिडेल इतकं उंच केलं. चिडीचूप.

"बघा," सगळे खाली लॉबीत परतल्यावर अबोली म्हणाली. "आता मातेला एकटा चौथा मजलाच निर्दोष वाटतो. कारण माझं बटण." आणि मग तिने शांतपणे, वर्गात सांगते तसं, सगळ्यांना सांगितलं: भाग कसे पाडलेले असतात, एकेक बंद कसा होतो, पिवळा दिवा काय सांगतो, आणि महाराज तीनदा "शांत हो माते" ओरडले की खालून भोंगा बंद करायचं बटण कोण दाबू शकतं. खाली पेटीपाशी तीनही रविवार एकच माणूस उभा होता.

सगळ्या माना नंदूकडे वळल्या.

"अरे, चूक झाली," नंदू कपाळ पुसत म्हणाला. "लिफ्टचं काम चाललेलं ना, धूळ उडत होती, मी मजले बंद केले. चालू करायला विसरलो. माणूस विसरतो!"

"मग चौथा कसा चालू राहिला?" कमलने विचारलं.

"तो... राहिला असेल."

आणि मला लोकांच्या चेहऱ्यावर दिसलं, की त्यांना हे पटायला हवं आहे. सेक्रेटरी आहे, देवमाणूस आहे, विसरला असेल. आणखी अर्धा मिनिट गेलं असतं तर नंदू सुटला असता. मग मी ते केलं जे आयुष्यात केलं नव्हतं. चारचौघांत स्वतःची थाप स्वतः फोडली.

"महाराजांना दगडाचं कसं कळलं, ते मी सांगतो. दगडाची गोष्ट मी रचली. पवईला, शेंगा खाताना. दत्ताराम राईतून दगड घेऊन एसटीत बसला आणि घाटात गाडी चारदा बंद पडली, हे सगळं माझ्या डोक्यातून आलं. आणि जगात एकाच माणसाला सांगितलं. तो हा."

"बाळ्या, तू थापाड्या," नंदू म्हणाला. "तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

खरंच, कुणी ठेवत नव्हतं. कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"एसटी?"

जानकीवहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. "एसटी खंयची? त्या दिवशी माका दगड तेवढोच आयकाक इलो. ह्ये एसटीन आयलेच नाय कधी. आमी दोघांय लग्न झाल्यार बोटीन आयलो. भाऊच्या धक्क्यार उतरलो. मागसून गावाक गेलो तरी बोटीन, नाय तर रेल्वेन. माका बोट लागली, ह्यांनी रस्ताभर लिंबू दिल्यानी हातात." त्या एकेक शब्द स्वतःशीच तपासत होत्या. "मगे घाटात गाडी कसली बंद पडता? बोट चढता काय घाट?"

महाराज म्हणाले, "मातेच्या दृष्टीला बोट आणि गाडी एकच..." पण कुणी "होय म्हाराजा" म्हटलं नाही. ते पांढरे बूट दारातून निसटले तेव्हा दोघातिघांनी पाहिलं. साकीनाक्याच्या दिशेने रिक्षा पकडली म्हणतात. तिचं मीटर चारदा बंद पडलं असतं तर बरं झालं असतं.

जानकीवहिनी नंदूसमोर आल्या. त्याने मान खाली घातली. "घर पुरत नव्हतं गं," तो पुटपुटला. "पोरं मोठी झाली. सिद्धेश वेगळं राहायचं म्हणत होता. मधली भिंत पाडली की झालं असतं. तू एकटी, तुला एवढी जागा... मला वाटलं, गावाला तू सुखात राहशील."

सिद्धेश मागे उभा होता. तो म्हणाला, "पप्पा, मी असं कधी सांगितलं तुम्हाला?" आणि बाहेर निघून गेला.

"माझ्याकडे मागूचा होतास, नंदू," वहिनी म्हणाल्या.

"दिली असतीस?"

"नाय. नाय म्हटलं असतंय. तू चार दिवस फुगान रवलो असतस, मगे परत चहाक आयलो असतस. इतक्याच झाला असता." त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "तू माझ्या मेलेल्या घोवाक चोर केलंस. माका वांझ म्हणान घेतलंस, चारचौघांत. आणि टाळये घेतलंस."

फाइल नंदूच्या बगलेतून घसरली, ती कुणी उचलून दिली नाही.

संध्याकाळी आम्ही पोलीस चौकीत गेलो. अबोली, वहिनी, मी. जादूटोणा करून फसवणाऱ्यांविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, तो असल्या वेळेसाठीच आहे. हवालदाराने विचारलं, महाराजाच्या साथीदाराचं नाव घालायचं का? मी वहिनींकडे पाहिलं. चाळीस वर्षं ओवाळलेलं ताट. त्या म्हणाल्या, "घाला. पूर्ण घाला, बापाच्या नावासकट."

परत येताना मी विचारलं, "देवीवरचा विश्वास उडाला का हो?"

"माझी देवी गावाक आसा," त्या म्हणाल्या. "तिना माका कधी घराबाहेर काढूक नाय. ह्या माणसांचा काम."

महिना झाला या सगळ्याला. नंदू आता सेक्रेटरी नाही. जिन्यात समोर आला की मी मोबाइल काढून उगाच बघतो. त्या फळीच्या भोकातून आम्ही सात वर्षं गोट्या खेळलो, हे मला सारखं आठवतं आणि आठवू नये असं वाटतं. युक्ती उघडी पडली की लोक म्हणतात, झालं, सुटलो. सुटत काही नाही. त्या दिवशी दोन पावलं मागे सरकलेल्या शेजारणी आता वहिनींकडे वाट्या घेऊन येतात, आणि वहिनी दार उघडतात, पण पूर्वीसारखं आत या म्हणत नाहीत.

मी थापाड्या माणूस, मी उपदेश करावा असं नाही. पण एवढं ऐका. चमत्कार दाखवणारा तुमचे डोळे एका जागी नेतो. तुम्ही बाकीच्या जागा बघा. जे वाजलं त्याबद्दल विचारा आणि जे वाजलं नाही त्याबद्दलही विचारा. किल्ली कुणाकडे आहे, विचारा. तेव्हाच विचारा, सगळ्यांसमोर, "होय म्हाराजा" तोंडातून निघायच्या आधी. आणि देव, भूत, ग्रह, वास्तू, कुणाच्याही नावाने एखाद्या घराकडे बोट दाखवलं गेलं, तर त्या घराची भिंत कुणाच्या भिंतीला लागून आहे, ते आधी जाऊन बघा.